सुबत्तेच्या जिल्ह्यातील गरिबी

कोल्हापूर जिल्ह्यात गरिबी आहे असे सांगितले, तर बाहेरगावच्या माणसाला ते चटकन पटत नाही. पंचगंगेच्या खोऱ्यातील पाणी, त्यावर उभा राहिलेला ऊस, गावोगावच्या दूध संस्था, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींतील फौंड्र्या, हुपरीची चांदी, इचलकरंजीचे यंत्रमाग असा पसारा असलेल्या जिल्ह्यात एखादे कुटुंब अडचणीत असेल तर ते स्वतःच्याच कर्माने असणार, हा समज आपल्याकडच्या खाऊनपिऊन सुखी घरांतही चांगलाच रुजलेला आहे. मी शहरातील एका पतसंस्थेत आयुष्यभर नोकरी केली आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो. माणसाच्या हातात पैसा कधी येतो, किती येतो आणि कोणत्या वाटेने जातो हे त्या खुर्चीवरून जसे दिसते, तसे ते शेजाऱ्यालाही दिसत नाही. म्हणून या समजाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

गरीब माणूस गरीब का राहतो, या प्रश्नाला आळस, दारू आणि ऐपतीबाहेरचा खर्च अशी ठरलेली उत्तरे मिळतात. आळसाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. गुळाच्या हंगामात शाहू मार्केट यार्डात जाऊन गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहणारे हमाल पाहिले, की ते उत्तर तिथेच गळून पडते. दारूचे उत्तर मात्र अर्धे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही, कारण तिने उद्ध्वस्त केलेली घरे मी पाहिली आहेत. तरीही बारा तासांची पाळी, पाठीचे दुखणे आणि घरी गेल्यावर समोर उभी राहणारी देणी यांच्यातून ती सवय लागते आणि मग तीच देणी वाढवत नेते, हे दोन्ही एकाच वेळी खरे असते. ऐपतीबाहेरच्या खर्चाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. लग्नात, बारशात, गावच्या म्हाईत म्हणजे जत्रेत गरीब माणूस जो खर्च करतो, तो त्याचा एकुलता एक विमा असतो. ज्याने चार घरांत आहेर दिला आहे, त्याच्या दारात अडचणीच्या वेळी चार माणसे उभी राहतात. ज्याने हात आखडता घेतला, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. आपण वर्षाला विम्याचा हप्ता भरतो, तेव्हा त्याला कोणी उधळपट्टी म्हणत नाही.

गरिबाला बचतीची सवय नसते असेही म्हटले जाते. असे म्हणणाऱ्याने पिग्मीच्या, म्हणजे रोज थोडेथोडे भरायच्या बचत ठेवीच्या, एजंटाबरोबर एक संध्याकाळ फिरून पाहावे. आमचा एजंट रोज भाजीवाल्या, चहाच्या गाड्या, चप्पल शिवणारे कारागीर आणि रिक्षावाले यांच्याकडून वीस, पन्नास, शंभर रुपये गोळा करून आणत असे, आणि महिन्यातला एकही दिवस न चुकवणारे खातेदार पगारदारांपेक्षा याच लोकांत अधिक होते. अडचण बचत करण्यात नव्हती, ती टिकवण्यात होती. पिग्मी मुदतीआधी मोडली की व्याज जाते आणि लवकरच मोडली तर रकमेतून कपातही होते. आणि ती मुदतीआधी मोडावी लागणारे खातेदारही बहुतेक हेच असत. ज्याला पैशांची निकड नाही त्याला पूर्ण व्याज मिळते आणि ज्याला निकड आहे त्याचे मुद्दल कापले जाते, हा नियम आम्हीच छापून भिंतीवर लावलेला होता.

कपिलतीर्थ मंडईत भाजी विकणाऱ्या एका मावशींचे खाते माझ्या चांगले लक्षात आहे. त्या रोज पहाटे एका माणसाकडून ९०० रुपये घेत, त्यातून माल उचलत आणि संध्याकाळी त्याला १,००० रुपये परत देत. म्हणजे दिवसाच्या भांडवलासाठी त्या १०० रुपये मोजत आणि त्याच संध्याकाळी आमच्या एजंटाकडे ५० रुपये पिग्मी भरत. कागदावर हा हिशेब वेडेपणाचा दिसतो. पिग्मीतलेच ९०० रुपये काढून स्वतःचे भांडवल केले असते, तर रोजचे १०० रुपये वाचले असते. मी त्यांना तसे सुचवलेही. त्यांनी शांतपणे सांगितले, की हातातला पैसा घरात राहत नाही. नवरा मागतो, दीर मागतो, शेजारीण रडत येते, आणि कोणालाच नाही म्हणता येत नाही. पिग्मीतला पैसा ‘सोसायटीत अडकलाय’ असे सांगता येते. तो पोरीच्या जूनमधल्या प्रवेशासाठी होता. ‘पैसा न्हाई असं न्हाई, साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘येळंला नसतोय बघा.’

अर्थशास्त्राची जी थोडीफार पुस्तके मी वाचली, त्यांतील कोणत्याही व्याख्येपेक्षा मला हे वाक्य अधिक उपयोगी पडले. गरीब घराचे वर्षाचे उत्पन्न बारा महिन्यांत सारखे विभागून दाखवले तर कित्येकदा ते फार वाईट दिसत नाही. पण ते सारखे येत नाही. काम असले की येते, पाऊस लागला की थांबते, मालकाने दिले की मिळते. खर्च मात्र ठरलेल्या तारखेला दारात येतात. या दोन तारखांमधले अंतर भरून काढण्यासाठी जी किंमत मोजावी लागते, तीच माझ्या मते गरिबी टिकून राहण्याचे सर्वांत मोठे कारण आहे. या वर्षीच्या अडचणीचा परिणाम म्हणून जे घडते, तेच पुढच्या वर्षीच्या अडचणीचे कारण होऊन बसते; त्यामुळे गरिबीची कारणे एका कागदावर आणि परिणाम दुसऱ्या कागदावर लिहायला बसले, की दोन्ही कागदांवर तीच नावे येतात.

आमच्या कर्जाच्या अर्जात कर्जाचे कारण लिहिण्याचा एक रकाना होता. त्यात ‘घरदुरुस्ती’ असे लिहिलेले असले, तरी समोर बसलेल्या माणसाशी पाच मिनिटे बोलले की खरे कारण बाहेर येई, आणि ते बहुतेक वेळा दवाखाना असे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे मोठ्या शस्त्रक्रियांचा भार पुष्कळ हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु रुग्ण दाखल झाल्यानंतरच्या उपचारांना ती योजना आहे. त्याआधीच्या तपासण्या, गोळ्या, शाहूवाडी किंवा गगनबावड्याहून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंतचे येणेजाणे, रुग्णाची बुडालेली मजुरी आणि त्याच्याजवळ बसलेल्या माणसाचीही बुडालेली मजुरी हे सगळे घरानेच सोसायचे असते. म्हणून माणूस आधी मेडिकलच्या दुकानातून गोळी घेतो, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे सलाईन लावतो आणि अगदी नाइलाज झाला की मोठ्या रुग्णालयाची पायरी चढतो. तोपर्यंत साखरेच्या रुग्णाच्या पायाच्या बोटाची जखम पावलापर्यंत पोहोचलेली असते. हमालाचा पाय गेला की त्या घराचे काय होते, हे सांगायला आकडेवारी लागत नाही.

आता थोडे शहराबाहेर पाहू. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कारखान्यांचे बॉयलर पेटले, की बीड, धाराशिव, जालना या भागांतून ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात उतरतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्याला हंगामाआधीच मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दिलेली असते. ती उचल गावाकडचे जुने देणे, बी-बियाणे, एखादे लग्न यात केव्हाच संपलेली असते. पुढचे पाच महिने ती अंगाने फेडायची असते. एखादा दिवस काम चुकले तर खाडा लागतो, म्हणजे दंड कापला जातो, मग कारण ताप असो की बाळंतपण. तोडणीचा दर टनावर असतो, त्यामुळे पोटात दुखत असतानाही मोळ्या वाहाव्या लागतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, त्याच्या मुळाशी खाड्याची भीती हेही एक कारण होते. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर जाते. म्हणजे त्या कुटुंबाने पुढच्या वर्षीचे श्रम, दर ठरण्याआधीच विकलेले असतात.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मला आपल्या जिल्ह्याचे एक नवल वाटत आले आहे. शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उसाच्या दराचा कोणता आकडा जाहीर होतो, यावर गावोगावच्या कट्ट्यांवर आठवडेच्या आठवडे चर्चा होते, आंदोलने होतात, रस्ते अडतात, आणि त्यात गैर काहीच नाही. शेतकऱ्याला त्याच्या मालाचा भाव मिळालाच पाहिजे. तोच ऊस ज्यांनी तोडला, त्यांच्या कोप्या म्हणजे झोपड्या त्याच शेताच्या बांधाला असतात, त्यांची पोरे त्याच फडात वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करीत हिंडत असतात, आणि त्यांच्या दराविषयी त्याच कट्ट्यावर कोणी अवाक्षर काढत नाही. टोळी पैसे घेऊन पळाली, तेवढी बातमी मात्र सर्वांना तोंडपाठ असते. काही टोळ्या आणि मुकादम उचलीचे पैसे पुरवणाऱ्या ट्रॅक्टरमालकांना खरोखरच फसवतात आणि त्यात चांगली घरे बुडाली आहेत, हेही मला ठाऊक आहे, कारण त्या ट्रॅक्टरमालकांचेही अर्ज माझ्या टेबलावर आले होते. उचलीच्या व्यवहारात विश्वास कोणाच्याच बाजूने उरलेला नाही. फरक एवढाच की ट्रॅक्टरमालकाजवळ गहाण टाकायला सातबारा असतो.

इचलकरंजीची गोष्ट याहून वेगळी, पण फार लांबची नाही. तिथे कामगाराची मजुरी कापडाच्या उत्पादनावर ठरते आणि खर्चीवाला म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देणारा छोटा यंत्रमागधारक. सुताचा भाव त्याच्या हातात नाही, कापडाचा भाव त्याच्या हातात नाही, विजेचे बिल मात्र त्याच्या नावावर येते. मंदी आली की तो माग बंद ठेवतो आणि कामगार घरी बसतो.

गरीब कोणाला म्हणायचे, याचे सरकारी उत्तरही पाहण्यासारखे आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी काढलेली देशाची दारिद्र्यरेषा खेड्यात दरडोई महिना ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये खर्चाची होती. नंतर निती आयोगाने केवळ पैशांऐवजी पोषण, शिक्षण, शौचालय, वीज, बँक खाते अशा १२ निकषांवर मोजमाप सुरू केले, आणि त्यानुसार देशातील बहुआयामी गरिबांचे प्रमाण २०१५-१६ मधील २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आले. ही घट खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वीज, गॅस आणि शौचालय पोहोचलेली घरे मी स्वतः पाहिली आहेत. परंतु खाते उघडले म्हणजे खात्यात काही राहते असे नाही, हे आमच्या व्यवसायातील कोणताही माणूस सांगेल.

त्यापेक्षा रोजच्या जगण्याला भिडणारी रेषा रेशनकार्डाची आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य गटासाठी राज्याने शहरी कुटुंबाला वार्षिक ५९,००० आणि ग्रामीण कुटुंबाला ४४,००० रुपये अशी उत्पन्नमर्यादा ठरवली. ५९,००० म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. राजारामपुरीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा हमाली करणारा नवरा, दोघांनी मिळून तेवढ्यात कोल्हापुरात भाड्याच्या खोलीत राहून दाखवावे. मग उत्पन्नाच्या दाखल्यावर खोटा आकडा येतो, आणि तोच दाखला आमच्याकडे कर्जाच्या अर्जाला जोडला की एवढ्या उत्पन्नावर कर्ज कसे द्यायचे असा प्रश्न उभा राहतो. एका टेबलावर गरीब आणि दुसऱ्या टेबलावर ऐपतदार असे दोन्ही ठरल्याशिवाय त्या कुटुंबाचे काहीच होत नाही.

पतसंस्था नाही म्हणाली की घरापर्यंत चालत येतात त्या मायक्रोफायनान्स कंपन्या. जामीनदार नको, तारण नको, फक्त गल्लीतल्या बायकांचा गट करा आणि एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असा नियम केला. पण उत्पन्न किती हे जिथे अंदाजाने लिहिले जाते, तिथे अर्धे किती हेही अंदाजानेच ठरते. एका कंपनीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून, दुसरीचा तिसरीच्या कर्जातून, अशी ह्याची टोपी त्याला घालत चाललेली घरे मी पाहिली आहेत. यातला सर्वांत वाईट परिणाम पैशांचा नसतो. ज्या शेजारणी एकमेकींच्या अडचणीला धावून जायच्या, त्याच हप्त्याच्या दिवशी एकीच्या दारात उभ्या राहून तिला चारचौघांत बोलतात. वर मी ज्याला गरिबाचा विमा म्हटले, तो इथे मोडतो.

शाळा सुटते तीही अशाच एखाद्या महिन्यात. आठवीपर्यंत फारसे अडत नाही; दहावीनंतर मुलगा फौंड्रीत किंवा दुकानात लागतो आणि मुलीला स्थळ येते. घरच्यांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हणणे अन्यायाचे आहे. पाच वर्षांनी मिळणारी चांगली नोकरी त्यांनाही हवी असते, पण या महिन्याचे भाडे पाच वर्षे थांबत नाही.

ही गोष्ट आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वीच ओळखली गेली होती. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मला त्यांच्या कामातील सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती गंगाराम कांबळे यांची हकिगत. राजवाड्याच्या पागेत काम करणाऱ्या या माणसाला पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल मारहाण झाली, तेव्हा महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितले. गंगारामांनी चहाचे दुकान काढले, पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येईना. मग महाराज स्वतः आपला लवाजमा घेऊन तिथे थांबू लागले आणि सर्वांदेखत तिथला चहा घेऊ लागले. भांडवल दिले म्हणून धंदा चालत नाही. गिऱ्हाईकही मिळावे लागते, आणि ते कोणाला मिळेल हे जात ठरवत असते, हे त्यांनी नेमके हेरले होते. आमच्या संस्थेकडे थकीत गेलेली कित्येक व्यवसाय कर्जे मी नंतर चाळली, तेव्हा मुद्दल दिले पण गिऱ्हाईकाचा विचार कोणीच केला नाही, असे अनेक प्रकरणांत दिसले. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये इटलीच्या एका बड्या कंपनीमुळे ती जगभर चर्चेत आली. पण चपलेची वेणी घरी बसून घालणाऱ्या बाईला जोडामागे काय मिळते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही.

पुराचा उल्लेख केल्याशिवाय कोल्हापुरातील गरिबीविषयी लिहिता येणार नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. पाणी चढू लागले की सुतारवाड्यातील कुटुंबे आधी हलवावी लागतात; पुढे ते नागाळा पार्कच्या बंगल्यांतही शिरते. पाणी तेच असते. बंगल्याच्या मालकाला विमा, वरचा मजला आणि महिनाअखेरचा पगार असतो. गणेशमूर्ती घडवणाऱ्यांच्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात मात्र दोन्ही वेळा गणेशचतुर्थी तोंडावर असताना पाणी आले. वर्षभराच्या कमाईचा एकच हंगाम, त्यासाठी प्लास्टर, शाडू आणि रंग यांचे आधीच काढलेले कर्ज, आणि रंगकामाला आलेल्या मूर्ती पाण्यात. पंचनाम्यात घराची पडझड नोंदवली जाते. अर्धवट रंगवलेल्या मूर्तीची किंमत किती धरायची, यावर घोळ होतो.

२०२१ च्या पुरानंतर आमच्या संचालक मंडळापुढे मी एक साधी सूचना ठेवली, की मूर्तिकारांच्या कर्जाचे हप्ते दरमहा न ठेवता अनंत चतुर्दशीनंतर एकरकमी घ्यावेत आणि पुराच्या वर्षी ते पुढच्या गणेशोत्सवापर्यंत ढकलावेत. थकबाकीचे प्रमाण वाढेल आणि लेखापरीक्षणात शेरा येईल, असा आक्षेप निघाला. पुष्कळ चर्चेनंतर एकरकमी हप्त्याची सूचना मान्य झाली आणि पुराच्या वर्षीची सवलत दर वेळी परिस्थिती पाहून ठरवण्याचे ठरले. पुढच्या वर्षीची वसुली आधीच्या वर्षांपेक्षा वाईट झाली नाही. दुसरी सूचना जामीनदारांविषयी होती. आमच्या नियमाप्रमाणे कर्जाला पगारपत्रक असलेले दोन जामीनदार लागत, आणि ज्याचे सगे-सोयरे, शेजारी-पाजारी सगळेच हातावर पोट असलेले आहेत, त्याने असे दोन पगारदार आणायचे कुठून, असा माझा प्रश्न होता. त्याऐवजी तीन वर्षे न चुकता भरलेली पिग्मी हाच जामीन मानावा असे मी सुचवले होते. तो विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला आणि माझ्या निवृत्तीपर्यंत कार्यक्रमपत्रिकेवर पुन्हा आला नाही.